जर्मन पक्कड: शेतावरच्या पेटीत किती, जमवायला किती?

कपाशी_आर्वी:

राम राम मंडळी.

शेतावरची कामं सांगतो, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल. विहिरीवर साडेसात एचपीची मोटर, बोअरमध्ये पाच एचपीची सबमर्सिबल, संत्र्याला ठिबक, कपाशीच्या फवारणीला एचटीपी पंप, आणि रानडुकरं-रोही येऊ नयेत म्हणून झटका मशीनचं कुंपण. पेटीत टापरियाची आठ इंची पक्कड (१६२१-८), एक साधा वॉटर पंप प्लायर, साइड कटर आणि पान्यांचा सेट आहे. वॉटर पंप प्लायर जीआय पाइपावर घसरतो. साइड कटरच्या धारेत झटक्याच्या तारेनं खाचे पडलेत.

क्निपेक्स या जर्मन कंपनीच्या पकडींचं फार ऐकतो, पण किंमत देशी पकडीच्या दहा पटींच्या वर जाते. त्यांची सरकत्या दातेरी जबड्याची कोब्रा घ्यावी की सपाट जबड्यांची प्लायर्स रेंच? लाल-पिवळ्या मुठीची इन्सुलेटेड घेतली तर स्टार्टर-पेटीत काम करायला चालते का? आणि काही जण या पकडी जमवतात, त्यात पैसा टाकण्यासारखं काही आहे का?

मोटरवाइंडर_दिग्रस:

भाऊ, तुमची आठ इंची पक्कड बदलू नका. तार पिळणं, धरणं, खिळा उपसणं, बांधकामाची तार कापणं या कामांत टापरिया आणि जर्मन पक्कड यांच्यात फरक आहे, पण दहापट नाही. पैसे तिथे घाला जिथे फरक रचनेतच आहे, म्हणजे सरकत्या जबड्याच्या पकडीत.

साधा वॉटर पंप प्लायर का घसरतो ते आधी बघा. त्याला खाचे मोजके. पाइप दोन खाचांच्या मधल्या मापाचा निघाला की मुठी एक तर फाकतात, नाही तर एकमेकींना टेकतात, आणि हाताचा जोर जबड्यापर्यंत पोचत नाही. त्यातून दात मऊ असले की पहिल्याच हंगामात चपटे होतात. कोब्राची २५० मि.मी.ची पक्कड (क्रमांक ८७ ०१ २५०) २५ जागी बसते. वरचा जबडा पाइपावर टेकवायचा, बटण दाबून खालचा सरकवत आणायचा, बटण सोडायचं. दात साधारण ६१ एचआरसी (पोलादाच्या कडकपणाचं माप) कडक, आणि फिरवण्याच्या विरुद्ध दिशेला तिरपे कापलेले. त्यामुळे ओढ बसली की ती आपोआप घट्ट होत जाते, मूठ आवळून धरावी लागत नाही. पण हे एकाच दिशेला होतं. ओढ नेहमी खालच्या, सरकत्या जबड्याच्या बाजूला द्यायची. उलट धरली तर हीसुद्धा सुटते, आणि मग लोक म्हणतात जर्मन मालही तसाच. पाइप जबड्याच्या पोटात बसला पाहिजे. नुसत्या टोकानं धरलेला पाइप दात कितीही चांगले असले तरी निसटतो.

आता माप. इथे बरेच जण फसतात. २५० च्या कोब्रावर २ इंच पाइप लिहिलेलं असतं. ते बाहेरच्या व्यासाचं माप, म्हणजे ५० मि.मी. आपल्याकडे ज्याला दोन इंची जीआय म्हणतात त्याचा बाहेरचा व्यास ६०.३ मि.मी. असतो. तो २५० मध्ये बसतच नाही. दीड इंची जीआय ४८.३ चा, तो कसाबसा बसतो. सवा इंची ४२.४ आणि एक इंची ३३.७, हे आरामात. दोन इंची जीआय धरायचा तर ३०० ची घ्यावी लागते (८७ ०१ ३००), ती ७० मि.मी.पर्यंत जाते. तुमचा कॉलम पाइप (मोटरीपासून वर येणारा) कोणता आहे ते कॅलिपरनं मोजा आणि मगच ऑर्डर द्या.

पीव्हीसी आणि एचडीपीईवर मात्र कोब्रा लावू नका. दात रुततात, खाच पडते, आणि पुढे दाबाखाली पाइप त्याच खाचेतून फाटतो. तिथे पट्टा पाना वापरा. बोअरमधून काढलेले गंजके सॉकेट सोडवायलाही कोब्रा नको, अठरा किंवा चोवीस इंची पाइप पानाच हवा. मुठीत पाइपचा तुकडा घालून लांबी वाढवली तर मूठ वाकते किंवा सांधा ढिला पडतो, आणि तो पुन्हा कसता येत नाही.

प्लायर्स रेंचचं काम वेगळं. जबडे गुळगुळीत आणि कायम समांतर, हाताचा जोर दहापट होऊन जबड्यात उतरतो. १८० ची (८६ ०३ १८०) ४० मि.मी.पर्यंतचा नट धरते, २५० ची (८६ ०३ २५०) ५२ पर्यंतचा. तुमच्या एचटीपी पंपाचे पितळी नट, नोझलच्या टोप्या, व्हॉल्व्हचे ग्लँड नट, फिल्टरच्या क्रोम टोप्या या सगळ्यांवर दाताची पक्कड लावली की कोपरे झिजतात आणि पुढे पानाही बसत नाही. प्लायर्स रेंच डागही पाडत नाही. मूठ सोडली की जबडे थोडे उघडतात, त्यामुळे पक्कड नटावरून न काढता पुढचा घास घेता येतो. गोल पाइपावर ती निरुपयोगी, गुळगुळीत जबडा फिरतोच.

फवारणीचं काम जास्त असेल तर आधी १८० ची प्लायर्स रेंच, पाइपाचं जास्त असेल तर आधी कोब्रा. एकदम दोन्ही नको.

लाइनतार_हिंगणघाट:

पाइपाचं वरच्यांनी नीट सांगितलंय. मी कापण्याचं आणि करंटचं सांगतो.

झटक्याच्या तारेनं धार गेली यात साइड कटरचा दोष नाही. चांगल्या कटरच्या माहितीत तारेचे चार प्रकार दिलेले असतात: मऊ, मध्यम, कडक आणि पियानो तार. ताण सोसण्याची ताकद अनुक्रमे २२०, ७५०, १८०० आणि २३०० न्यूटन प्रति चौरस मि.मी. धरतात. तांब्याची तार मऊ, खिळा मध्यम, वायर रोपची पोलादी तार कडक, स्प्रिंगची तार पियानोत. तुमची काटेरी किंवा साधी जीआय तार मध्यमच्या आसपास असते. झटका कुंपणाला हाय टेन्साइल तार वापरतात, ती कडकमध्येच मोजा. १२ गेज म्हणजे २.६४ मि.मी., १४ गेज म्हणजे २.०३. नेहमीच्या १८० मि.मी. पकडीची कडक तारेची मर्यादा दोन मि.मी.च्या जरा वर असते, म्हणजे १२ गेजची हाय टेन्साइल तार तिच्या आवाक्याबाहेरच. ती रोज कापली तर जर्मन धारेलाही खाच पडेल.

या कामाला कोबोल्ट, म्हणजे खिशात मावणारा छोटा बोल्ट कटर (७१ ०१ २००). २०० मि.मी. लांबी, मऊ तार ६ मि.मी., मध्यम ५.२, कडक ४ आणि पियानो तार ३.६ मि.मी.पर्यंत. तुमच्या यादीत सगळ्यात आधी पैसे वसूल करणारी वस्तू मला हीच वाटते. कुंपण असलेल्या शेतकऱ्यानं कोब्राच्याही आधी ही घ्यावी.

कापताना तार टोकाशी न धरता सांध्याजवळ, खोल घ्या. सरळ दाबा. अर्धवट कापून पक्कड डाव्या-उजव्या अंगाला पिळायची सवय असेल तर ती सोडा, धारेचा कपचा तिथेच उडतो. ताणलेली तार आधी टेन्शनरवर ढिली करा, झटका मशीन बंद करा, डोळ्यांवर चष्मा घाला. हाय टेन्साइल तारेचं कापलेलं टोक फार जोरात उसळतं.

आता इन्सुलेटेड पकडीचं. मुठीवर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्ही असा शिक्का असेल तर ती आयईसी ६०९०० या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बनलेली असते, एसीला १००० व्होल्ट, डीसीला १५०० व्होल्ट. असं प्रत्येक हत्यार १०,००० व्होल्टवर तपासून बाहेर पडतं. नुसती प्लास्टिकची बाही चढवलेली पक्कड यात बसत नाही, मग ती कुठल्याही देशातली असो.

स्टार्टर-पेटी ४१५ व्होल्टची, म्हणजे कागदावर ही पक्कड पुरते. पण तिच्या भरवशावर चालू लाइनवर हात घालू नका. मेन स्विच पाडा, कटआऊट (फ्यूज) काढून स्वतःच्या खिशात ठेवा, तिन्ही फेजवर टेस्टर लावा. कपॅसिटर असेल तर त्याचा चार्ज उतरू द्या. आणि आपल्याकडचा खरा धोका ऑटोचा. कृषिपंपाची लाइन रात्री कधीही येते आणि ऑटो स्टार्टर आपोआप मोटर चालू करतो. लाइट गेलेली आहे म्हणून पेटी उघडणं यासारखी घातक गोष्ट नाही. ऑटो बंद आणि कटआऊट बाहेर, हे झाल्याशिवाय पक्कड हातात घ्यायचीच नाही.

डीपीवर तर अजिबात नाही. तिथे वर ११,००० व्होल्ट आहेत, १००० च्या पकडीचा तिथे काही उपयोग नाही. ते काम लाइनमनचं.

इन्सुलेटेड मुठीला चीर पडली, वेल्डिंगची ठिणगी लागून खड्डा पडला किंवा आतला वेगळ्या रंगाचा थर दिसायला लागला की ती साधी पक्कड झाली. टेप गुंडाळून ती पुन्हा इन्सुलेटेड होत नाही.

कपाशी_आर्वी:

दोघांचेही आभार. कॉलम पाइप मोजला, ६०.३ च भरला. म्हणजे २५० मागवली असती तर परत पाठवावी लागली असती. ऑनलाइन खूप स्वस्तातही दिसतात. खऱ्या-खोट्याची पारख कशी करायची? आणि जमवण्याचं कोणी बोललं नाही.

जुनी_पेटी_अकोला:

पारख आधी.

क्निपेक्सचा क्रमांक वाचायला शिका, अर्धी नक्कल तिथेच पकडता येते. पहिले दोन आकडे प्रकाराचे: ०३ साधी पक्कड, ७० साइड कटर, ७४ जास्त जोराचा साइड कटर, ८६ प्लायर्स रेंच, ८७ कोब्रा, ८८ ॲलिगेटर. शेवटचे तीन लांबीचे, मि.मी.मध्ये. मधल्या जोडीचा शेवटचा आकडा बहुतेक पकडींवर मूठ आणि मुलामा सांगतो: १ म्हणजे काळसर अंग आणि साधी प्लास्टिक मूठ, २ म्हणजे जाड दुरंगी मूठ, ३ आणि ५ क्रोमवाल्या, ६ आणि ७ इन्सुलेटेड. विकणारा ८७ ०१ २५० लिहून फोटोत क्रोमची चकचकीत पक्कड दाखवत असेल तर पुढे जा.

हातात आल्यावर पक्कड उजेडासमोर मिटून धरा. साइड कटरच्या दोन धारांमधून उजेड दिसता कामा नये. साध्या पकडीत टोकं आधी टेकतात आणि सांध्याकडे बारीक फट राहते, ती असलीच पाहिजे. मग पातळ कागद, वहीचा नको, पोथीसारखा पातळ, कटरच्या अगदी टोकानं कापा. कागद दुमडून धारांमध्ये अडकला तर धार नीट बसवलेली नाही. जबडे दोन्ही हातांनी बाजूला हलवून बघा, खडखड नको. मूठ एका बोटावर लोंबकळत ठेवून पक्कड उघडली की ती अडखळत न जाता एकसारखी उघडली पाहिजे. शिक्का ठोकलेला असावा, नुसता छापलेला नसावा.

नाव जर्मन असलं तरी देश वेगळा असू शकतो, म्हणून घडवल्याचा देश वाचाच. कोब्रा महाग वाटत असेल तर त्याच कारखान्याची ॲलिगेटर बघा. ८८ ०१ २५० ला २५ ऐवजी ९ जागा आहेत आणि बटण नाही, पण धरण्याची क्षमता कोब्राइतकीच, आणि धूळ-मातीत ती कमी अडते. आपल्या काळ्या मातीत ही गोष्ट लहान नाही. कोब्राच्या बटणात ओली माती गेली आणि वाळली की बटण उठत नाही. रॉकेल आणि जुना दातांचा ब्रश, मग सांध्याला एक थेंब मशीन ऑइल, एवढं महिन्यातून एकदा पुरे. ग्रीस नको, त्यात माती चिकटून घासपेपर तयार होतो.

आता जमवणं. किंमत वाढेल म्हणून जमवायचं असेल तर स्पष्ट सांगतो, नका जमवू. आज कारखान्यातून निघणारी पक्कड उद्याही निघणारच आहे, तिला दुर्मिळपणा येत नाही. आणि आपल्या भागात जुनी पक्कड घेणारा एक तर भंगारवाला किंवा दुसरा मेकॅनिक, दोघेही वापरलेल्याचीच किंमत देतात.

हत्यार कसं घडतं हे समजून घेण्यासाठी जमवायचं असेल तर मात्र त्यात फार मौज आहे. मी दोन वाटा सुचवेन. एक, एकाच जातीच्या सगळ्या लांब्या. कोब्राच १०० मि.मी.पासून १२५, १५०, १८०, २५०, ३००, ४०० करत ५६० पर्यंत जाते. शेजारी शेजारी ठेवल्या की कळतं की लांबी वाढली म्हणून नुसता आकार फुगवलेला नाही, जबड्याचा कोन आणि मुठीचं अंतर प्रत्येक वेळी नव्यानं बसवलंय. दोन, एकाच पट्ट्यातले कारखाने. वुपरटाल, रेमशाइड आणि सोलिंगेन ही तीन गावं एकमेकांना लागून, जुन्या काळी तिथल्या ओढ्यांच्या पाण्यावर घण चालायचे. क्निपेक्स १८८२ पासून वुपरटालच्या क्रोनेनबर्गमध्ये, श्टालविले १८६२ पासून तिथलीच, हाझेट १८६८ ची रेमशाइडची, गेडोर १९१९ ची, तीही रेमशाइडची, एनडब्ल्यूएस सोलिंगेनची. प्रत्येकाची एकेक साधी आठ इंची पक्कड ठेवा, सांधा, धार आणि मुठीचा बाक तुलना करून पाहायला पुष्कळ आहे. त्यात टापरियाही ठेवा, नाशिकच्या घडणीची पक्कड त्या रांगेत मान खाली घालत नाही.

या मालावर देशाचं नाव ठोकण्यामागे इंग्लंडचा १८८७ चा कायदा आहे. परदेशी माल स्वदेशी म्हणून विकला जाऊ नये म्हणून नाव घालायला लावलं, आणि पुढे गिऱ्हाईक तेच नाव शोधून माल घ्यायला लागलं.

खर्च न करता सुरुवात करायची तर जुन्या ट्रॅक्टर मेकॅनिककडे चौकशी करा. गेडोर शिक्क्याचे, भारतात घडलेले झलानी कंपनीचे पाने अजून निघतात. असा जुना माल बफ करून चकचकीत करू नका. शिक्का पुसतो आणि मूळ काळा मुलामा जातो. गंज असेल तर रॉकेलमध्ये भिजवून बारीक स्टील वूलनं हलक्या हातानं काढा. ॲसिड टाळा. कडक केलेलं पोलाद ॲसिडमध्ये हायड्रोजन ओढून घेतं आणि ठिसूळ होतं, मग धारेचा कपचा न सांगता उडतो. झिजलेली धार बेंच ग्राइंडरवर लावणंही तसंच. धातूवर निळा रंग आला की त्या जागेचा कडकपणा गेला.

ठेवायची जागा टिनाच्या शेडमध्ये नको. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४५ अंश होतात, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि मऊ प्लास्टिकच्या मुठी एकमेकींना चिकटतात. डिझेल-पेट्रोलच्या फडक्यात गुंडाळूनही ठेवू नका, मूठ फुगते. चामड्याच्या म्यानात पावसाळाभर राहिलेली पक्कड म्यानाच्या आकाराचा गंज घेऊन बाहेर येते. लाकडी खणात, तेलाचा हात फिरवून, एकमेकींना न टेकवता ठेवा.

पानावाला_पुसद:

राजेहो, सगळं बरोबर हाय, पण एक गोष्ट राहून गेली. मोटर खोलणाऱ्याले जर्मन मालाचा खरा फायदा सर्क्लिप प्लायरमध्ये हाय, म्हणजे बेरिंगचं गोल लॉक काढायच्या पकडीत. साध्या प्लायरची टोकं जबड्यातूनच घासून काढलेली असतात, जोर आला का तुटतात नाही तर फाकतात, आन् लॉक उडून डोळ्यात जाते. क्निपेक्सच्या ४८ आन् ४९ नंबरात टोकं वेगळ्या स्प्रिंग पोलादाची, आत दाबून बसवलेली.

माप बघून घ्या. ४८ म्हणजे आतल्या लॉकचा, ४९ बाहेरच्या लॉकचा. ६२०५ बेरिंगचं घर ५२ मि.मी., त्याले ४८ ११ जे२ चालते (१९ ते ६०). ६३०५ आन् ६२०६ चं घर ६२ चं, तिथं जे२ पुरत नाही, जे३ लागते (४० ते १००). शाफ्ट २५ चा असो का ३० चा, ४९ ११ ए२ दोन्हीले चालते. बेरिंगचा नंबर पाह्यल्याशिवाय प्लायर मागवू नका.

आन् पान्यांचा सेट साधा असंल तर पहिले तो बदला. १७ आन् १९ चे रिंग पाने चांगले पाह्यजेत. नटाचे कोपरे गोल होतात ते जास्त करून ढिल्या पान्यानं, पकडीचा नंबर त्याच्या मागून.

मोटरवाइंडर_दिग्रस:

पुसदच्या भाऊंचं पान्याचं म्हणणं मान्य, पण यांच्याकडे रिंग पाने असतील तर ते काम झालेलं आहे. कपाशीभाऊ, ६०.३ चा कॉलम आहे म्हटल्यावर तुमच्यासाठी ३०० चीच, आणि ती कॉलम उतरवायला नव्हे, वरच्या बेंड, युनियन आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या कामाला. जोड सोडवताना एक पक्कड धरायला आणि एक फिरवायला लागते. धरायला तुमचा जुना वॉटर पंप प्लायर नको, पाइप पाना लावा, नाही तर खालचा जोड सैल होऊन कॉलम बोअरमध्ये जाईल. क्लॅम्प बसवून पाइप लोखंडी चॅनेलवर टेकवल्याशिवाय वरचा जोड हलवायचाच नाही.

लाइनतार_हिंगणघाट:

आणि कोबोल्ट घेतल्यावर तिच्यानं बाइंडिंग वायर, खिळे, बोल्ट, दिसेल ते कापायला देऊ नका कोणाला. वरचे आकडे तारेचे आहेत. टणक केलेला ८.८ चा बोल्ट तिच्यात घातला तर धार बसते. कुंपणाच्या पेटीत वेगळी ठेवा, घरातल्या खणात ठेवली की ती सगळ्यांची होते.

कपाशी_आर्वी:

ठरलं. आधी कोबोल्ट आणि १८० ची प्लायर्स रेंच, कापूस विकला की ३०० ची. ॲलिगेटरमध्ये ३०० ची मिळत असेल तर तिचीही चौकशी करतो, माती आमच्याकडे पण तीच. ऑटोचा स्विच आणि कटआऊटची सूचना पेटीच्या दारावर आतून लिहून चिकटवतो, रात्री पाण्याला माझ्याशिवाय घरातले दुसरेही जातात.